पांढरी ज्योत

उजव्या डोळ्यावरची पट्टी निघाली, त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी रेआल पेल्शा तळघरात उतरला, बॉयलरच्या पुढ्यात नेहमीसारखे गुडघे टेकले, झाकणावरची लोखंडी टिकली बोटाने बाजूला सारली आणि आत पाहिलं, तर ज्योत पांढरी होती. त्याने उजवा डोळा मिटून डाव्याने पाहिलं. ज्योत मधासारखी, जशी गेली कित्येक वर्षं होती तशी. पुन्हा उजव्याने पाहिलं, तर भिंतीला नुकताच चुना द्यावा तशी पांढरी, कडेला जरासा पिवळेपणा, तोही असून नसल्यासारखा. वरच्या मजल्यावर घर गरम होत होतं, पाइपांतून पाणी नेहमीसारखं कुरकुरत चढत होतं, तेलाचा वास होता तेवढाच होता. काहीच बदललं नव्हतं. तरी आपल्या पाठीमागे या घरात कुणीतरी वर्षानुवर्षं चोरी करत होतं आणि आपण त्यालाच रोज दार उघडून आत घेत होतो, असं त्याला वाटलं. मोतीबिंदू काढणाऱ्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं की निळे रंग आता नवे दिसतील, घाबरू नका. घरी आल्यावर स्वयंपाकघराचे पडदे निळे आहेत हे त्याला कळलं होतं आणि क्लोदेत, त्याची बायको, हसून हसून खुर्चीत वाकली होती. हिरवे समजून तू सात वर्षं त्यांना नावं ठेवलीस, असं ती म्हणाली होती. पडद्याचं काय, पडदा हिरवा असला काय नि निळा असला काय. पण ज्योत ही थट्टेची गोष्ट नव्हती. डाव्या डोळ्यावर तळवा ठेवून तो कितीतरी वेळ तसाच बसून राहिला. थंड फरशी गुडघ्यांतून वर चढत होती.

ज्योतीचा रंग त्याला त्याच्या बापाने शिकवला होता. ओविला पेल्शा गिरणीत कामाला होता, देवळातल्या गाणाऱ्यांत पहिल्या रांगेत उभा राहायचा, आणि घरातला कोळशाचा बॉयलर तेलावर आणला तेव्हा ते सगळं काम त्याने एकट्याने, एका हिवाळ्याच्या तोंडाशी, नाताळाआधीच्या उपासाच्या दिवसांत केलं होतं. लहानग्या रेआलला तो बखोट धरून खाली न्यायचा आणि टिकली सरकवून म्हणायचा, बघ. मेरीमातेपुढे बायका मेणबत्त्या लावतात, त्यांचा रंग आठव. तसा रंग हवा. शेंड्याला मऊ, बुडाला शांत. पांढरी दिसली की समज, तेल नाही जळत, माझा पगार जळतोय. हे तो इतक्या गंभीरपणे सांगायचा की रेआलला देवळात गेल्यावर मेणबत्त्यांच्या रांगेत आपला बॉयलर दिसे आणि तळघरात गेल्यावर मेरीमाता. माणसाच्या मनात लहानपणी दोन गोष्टी एकदा अशा चिकटल्या की पुढे कुणी त्या सोडवू म्हटलं तर कातडीच सोलून निघते. बाप गेला. त्याने बसवलेला बर्नर लीझच्या, म्हणजे मुलीच्या, शाळेच्या दिवसांत थकला, तेव्हा रेआलने नवा आणून स्वतःच बसवला. विकणारा माणूस म्हणाला होता की ही जात निराळी आहे, हिला हवा जास्त लागते, हिची ज्योत उजळ असते, जुन्या हिशेबाने हिला दाबू नका. रेआलने मान हलवली होती आणि मनात म्हटलं होतं, तू विक. पहिली काही वर्षं ती उजळ ज्योत त्याच्या डोळ्यांत खुपत राहिली, तरी विकणाऱ्याला नावं ठेवूनही त्याने तिला फारसं दाबलं नाही. मग हळूहळू, एका शरदातून दुसऱ्या शरदात, ती आपसूक मवाळ झाली, मधाच्या वळणावर आली, आणि त्याला वाटलं, यंत्रालासुद्धा घराची सवय लागते, सून रुळते तसं. आता तळवा डोळ्यावर धरून बसलेला असताना त्याला समजलं की रुळलं कुणीच नव्हतं. डोळा पिकत होता. एवढं बरोबर समजलं. पण त्यावरून पुढचं जे त्याने ताडलं ते असं, की मग इतकी वर्षं बापाचा पगार पांढरा जळत होता. अर्धं कळणं हे न कळण्याहून वाईट असतं, कारण न कळलेला माणूस हात मागे तरी ठेवतो.

आणि डोळ्यावरच तर त्याचं आयुष्य उभं राहिलं होतं. बुटांच्या कारखान्यात तो कातडी कापायचा. कातडं टेबलावर पसरलं की कुठे दाणा सैल आहे, कुठे काट्याचा जुना ओरखडा आहे, डाव्या नि उजव्या बुटाची कातडी एकाच अंगाची कशी निघेल, हे तो हात न लावता सांगायचा. साहेब दुसऱ्या टेबलावरचे गठ्ठे त्याच्यापुढे आणून टाकत आणि रेआल नुसती मान हलवून नापास करी. कारखाना गेला, नदीकाठच्या त्या लांबच लांब इमारतीत आता व्यायामाचे वर्ग आणि कॉफीची दुकानं झाली, त्यांच्या फ्रेंच देवळाला कुलूप लागून चार देवळांचं मिळून एक झालं, मुलं इंग्रजीत भांडू लागली, पण टेकडीवरचं हे घर आणि त्याच्या पोटातला हा बॉयलर त्याने आपल्या डोळ्याच्या जोरावर राखला होता. दर सप्टेंबरात तो त्याला उघडायचा. आतल्या फटींतून लांब दांड्याचा ब्रश फिरवायचा, तेल फवारणारी तोटी बदलायची, गाळणी बदलायची, ठिणगीच्या दोन काड्यांमधलं अंतर नखाने जोखायचं, आणि शेवटी बर्नरच्या अंगाला असलेली हवेची झडप जरा अलीकडे, जरा पलीकडे करत ज्योत रंगावर आणायची. तेल पुरवणाऱ्या कंपनीचा माणूस वर्षातून एकदा यंत्र लावून बघू का म्हणून विचारी. रेआल त्याला अंगणातूनच परत पाठवी.

या वर्षी मात्र त्या डोळ्याला एक निराळंच काम पडलं होतं. ऑक्टोबरात क्लोदेत मागच्या पायऱ्यांवर पडली आणि तिचं खुब्याचं हाड मोडलं. दवाखान्यातून तिला घरी आणायची वेळ आली तेव्हा लीझ नदीपलीकडून, ऑबर्नहून आली आणि उभ्या उभ्याच बोलली. म्हाताऱ्यांसाठी बांधलेली घरं आहेत, एका मजल्याची, लिफ्ट आहे, उष्णता आपोआप येते, नर्स आहे, नाव मी घालून ठेवलंय. हे घर विका. रेआल म्हणाला, मी मेल्यावर विक. लीझ म्हणाली, पापा, तू मरशील तेव्हा मॅमांला कोण बघणार, तुझा बॉयलर? मग क्लोदेतनेच मधे पडून तोडगा काढला. हा एक हिवाळा घरी काढू. धड निघाला तर पुन्हा या गोष्टीचं नाव काढायचं नाही. नाही निघाला तर लीझ म्हणेल तसं. लीझने मान्य केलं, पण जाताना जिन्याच्या भिंतीवरच्या त्या पांढऱ्या गोल डबीकडे बोट दाखवलं. विषारी वायू झाला तर ओरडणारी ती डबी तिनेच मागे कधीतरी चिकटवली होती. ही काढू नकोस, असं तिने बजावलं. म्हणजे आता सगळं त्या एका हिवाळ्यावर होतं. घर राहणार की जाणार, आणि घराबरोबर तो स्वतः कोण म्हणून उरणार, हे वसंतापर्यंत ठरायचं होतं.

म्हणून त्या सकाळी त्याने पाना घेतला. झडपेचा स्क्रू सैल केला आणि अंगठ्याने तिला किंचित मिटवलं. ज्योत हलली, पांढरेपणा आत ओढून घेतल्यासारखा गेला. आणखी किंचित. आवाज बदलला, आधी वाऱ्यासारखा होता तो आता घशातून आल्यासारखा झाला, जुन्या देवळातल्या ऑर्गनच्या सर्वांत मोठ्या नळकांड्यासारखा. आणखी. आणि मग नव्या डोळ्यासमोर, हळूहळू, तीच ती मेणबत्ती उभी राहिली. शेंडा मऊ, बूड शांत. शेंड्याला एक काळपट धागा होता, तो वर वळवळत होता, पण बापाच्या ज्योतीलाही तो असेच, त्याला आठवलं. किंवा आठवलंसं वाटलं. डोळे भरून आले. ऑपरेशननंतर पाणी येतंच, त्याने स्वतःला सांगितलं. स्क्रू आवळून तो वर आला आणि क्लोदेतला म्हणाला, की इतकी वर्षं आपण पैसा धुराड्यातून सोडत होतो, आज थांबवला.

“तू आणि तुझा धूर,” ती म्हणाली. ती काठी शेजारी टेकवून वाटाणे निवडत होती. “पाय गार पडतात माझे, त्याचं काय ते बघ.”

तेही त्याने बघितलं. हेच पुढे त्याला सर्वांत जास्त डाचलं, की तेही त्याने बघितलं. शेजारपाजाऱ्यांनी सोडून दिलेली, हिवाळ्याआधी घराला बाहेरून बांध घालायची रीत तो अजून पाळत होता. पहिल्या बर्फाआधी पानांनी भरलेल्या पिशव्या पायाच्या भिंतीला लावायच्या, त्यांवर देवदाराच्या फांद्या अंथरायच्या, म्हणजे जमिनीलगतचा वारा घरात शिरत नाही. खिडक्यांवर आतून पातळ प्लास्टिक ताणायचं, केस वाळवायच्या यंत्राने ते तापवायचं, मग ते ढोलासारखं तणतं. तळघराच्या भिंतीत कोळशाच्या काळातली एक जाळी होती. ओविलाने ती मुद्दाम ठेवली होती, का ते कधी सांगितलं नव्हतं, आणि रेआलनेही कधी विचारलं नव्हतं. बापाच्या काही गोष्टी विचारण्यासारख्या असत आणि काही नुसत्या असत. तिच्यातून सुरीसारखा गारवा येई. या वर्षी क्लोदेतच्या पायांसाठी त्याने त्या जाळीत लोकर ठासून भरली, वरून फळी ठोकली. फळी ठोकताना तो गात होता. वरून तिने काठी आपटून ताल दिला, म्हणजे आवाज खाली येतोय हे कळवलं. त्या दिवशी दोघंही सुखी होती हे खरं आहे. ते खरं आहे म्हणूनच कडू आहे.

जानेवारी कडक लागला. टाकीवरचा काटा पूर्वीपेक्षा सावकाश उतरतोय असं रेआलला दिसलं, आणि नव्या डोळ्याने दिसलं म्हणून ते दुप्पट खरं वाटलं. त्याच आठवड्यात जिन्यावरची डबी थोड्या थोड्या वेळाने चिक चिक करू लागली, भिंतीत रातकिडा अडकावा तशी. सेल संपला असेल म्हणून त्याने सेल बदलला. तरी चिक चिक. त्याने ती कानाशी धरली, ठोकली, शेवटी टॉवेलांच्या खणात कोंबली. खणातूनही ती दोन दिवस बोलत राहिली, मग गप्प झाली. डबीचं आयुष्य संपलं की ती अशी चिकचिकते, हे तिच्या पाठीवर लिहिलेलं त्याने वाचलं नव्हतं. त्याला डोकेदुखी जडली होती, कपाळाभोवती दोरी आवळल्यासारखी; नवा नि जुना डोळा एकमेकांशी जमवून घेताहेत असं त्याने धरलं. क्लोदेतला मळमळायचं. गोळ्यांनी, तिने सांगितलं. दुपारी ती झोपायच्या खोलीतल्या खिडकीशी खुर्ची ओढून, प्लास्टिकला कपाळ लावून बसायची. बर्फ काढणारी गाडी बघत असेल, असं त्याने ठरवलं. आणि एक चमत्कार त्याच्या लक्षात आला, जो त्याने कुणाला सांगितला नाही. देवळात गेलं की डोकेदुखी जायची. पायऱ्या चढता चढता दोरी सैल व्हायची, गायला तोंड उघडलं की छाती लख्ख मोकळी. घरी परतलं की तासाभरात पुन्हा धरायची. तो आठवड्यात अधल्यामधल्या दिवशीही जाऊ लागला. मेरीमातेपुढे मेणबत्ती लावून, या म्हाताऱ्यावर अजून तुझी नजर आहे, असं तो मनापासून म्हणाला. बाहेरची मोकळी हवा म्हणजे कृपा असं त्याने मानलं. खरं तर ती कृपाच होती. फक्त ती दाराबाहेर उभी होती, आणि दाराच्या फटी त्याने स्वतः बुजवल्या होत्या.

एका सकाळी झोपायच्या खोलीतलं प्लास्टिक हलताना दिसलं. जवळ जाऊन पाहिलं तर कोपऱ्यात, खुर्चीत बसलेल्या माणसाच्या तोंडाच्या उंचीवर, एक भोक. मागच्या जुन्या चौकटीची खाच तिथे सरळ बाहेर उघडत होती; बारीक, गार वारा बोटाला लागला. भोक स्वच्छ गोल होतं, फाटलेलं नव्हतं. प्लास्टिक आता पूर्वीसारखं येत नाही, असं तो पुटपुटला आणि त्याने चिकटपट्टीचा तुकडा लावला. क्लोदेत पलंगावर जागी होती. ती बघत होती. दोन दिवसांनी दुसऱ्या कोपऱ्यात तसंच भोक. त्याने तिथेही पट्टी लावली, आणि या वेळी दोन तुकडे, एकावर एक आडवा.

त्या शनिवारी चारच्या प्रार्थनेला तो गेला. शनिवारचे घेवड्याचे दाणे, गूळ नि डुकराच्या चरबीचा तुकडा घालून, सकाळपासून भट्टीत मंद शिजत होते, म्हणून स्वयंपाकघराचं दारही घट्ट लावलेलं होतं. क्लोदेतला आज उठवेना. तिच्या गालांवर मात्र मुलीसारखी लाली होती आणि त्याने जाताना ती बघून म्हटलंही होतं, की बघ, घर गरम आहे म्हणून कशी फुललीस. ती हसली की काय, ते त्याला पुढे कधीच नक्की आठवलं नाही. देवळात त्याचा आवाज छान लागला. शेजारच्या म्हाताऱ्याने कोपराने ढोसून, ऑपरेशन डोळ्याचं केलंस की गळ्याचं, असं विचारलं. परत आला तेव्हा अजून उजेड पुरता गेला नव्हता. दार उघडताच घरातला काजळीचा वास त्याला पहिल्यांदा वास म्हणून आला, कारण तो स्वतः गार, धुतल्यासारख्या हवेतून आत येत होता. क्लोदेत खुर्चीशी जमिनीवर पडली होती. हातात विणायची सुई होती, आणि प्लास्टिकमध्ये, तिच्या हाताच्या उंचीवर, एकापाठोपाठ एक, भोकंच भोकं, खालपर्यंत.

पुढचं त्याला तुकड्यांत आठवतं. तिला बगलांत धरून ओसरीवरच्या बर्फापर्यंत ओढत नेणं. तिची टाच उंबऱ्याला अडकणं. कुणाच्या तरी फोनवर आपण फ्रेंचमध्ये बोलतोय हे उशिरा कळणं. मग बंबवाले आले, तोंडावर मुखवटे चढवून आत शिरले आणि खिडक्यांवरचं प्लास्टिक हातांनी टराटरा फाडू लागले, एकेक खिडकी फटाफट वर सारू लागले. ओसरीवर, बायकोचं डोकं मांडीवर घेऊन बसलेला असताना, उघड्या खिडक्यांतून घराची ऊब वाफेसारखी बाहेर पडताना रेआलला दिसली, आणि त्याच्या मनात पहिलं वाक्य उमटलं ते असं: सगळी ऊब चालली. ते वाक्य कुणी ऐकलं नाही. पण ते आलं होतं, आणि तिच्या विचाराच्या आधी आलं होतं. ज्याला रोज रात्री गुडघे टेकून दिवसाचा झाडा द्यायची सवय आहे, त्याला असं वाक्य परत गिळता येत नाही.

दवाखान्यात तिला मुखवट्यातून प्राणवायू देत होते. दुसऱ्या दिवशी तो काढला तेव्हा तिच्या नाकावर त्याची लाल कड उमटलेली होती. डॉक्टरांनी विचारलं, इतके दिवस डोकं दुखत होतं, घुसमटत होतं, सुईने भोकं पाडावीशी वाटत होती, तर खिडकी का उघडली नाहीत. घरात माणूस होतं, सांगितलं का नाहीत. लीझ पलंगाच्या पायथ्याशी होती. रेआल दाराशी, टोपी हातात.

“खिडकी उघडली की त्याला राग येतो,” क्लोदेत म्हणाली. अगदी साधेपणाने, एखाद्याला साखर चालत नाही असं सांगावं तसं. “ऊब जाते ना.”

डॉक्टरांनी ते लिहून घेतलं नाही. लीझने बापाकडे बघितलंसुद्धा नाही, आणि तिने बघितलं असतं, आरडाओरडा केला असता तर बरं झालं असतं असं त्याला वाटलं. तो क्लोदेतवर कधी ओरडला होता? त्याने आठवून पाहिलं. हात कधी उगारला नव्हता. पगार आणून तिच्या हातात दिला होता. एकदा फार पूर्वी, लीझ तान्ही असताना, तिने बाळाच्या खोलीची खिडकी वीतभर उघडी ठेवली होती. तेव्हा तो काही बोलला नव्हता, फक्त दोन दिवस जेवणावर गप्प बसला होता. एकदा पाहुणे असताना तो सगळ्यांदेखत उठून खिडकी लावायला गेला होता आणि जाता जाता म्हणाला होता, हिच्या माहेरी बॉयलर नव्हता, म्हणून हिला तेलाची किंमत नाही. सगळे हसले होते. तीही हसली होती. चांगलं हसायची ती. हे एवढंच. पण अशा एवढ्याएवढ्याचंच प्लास्टिक बनतं, पातळ, आरपार दिसणारं, आणि पन्नास वर्षं तापवत राहिलं की ढोलासारखं तणतं.

बॉयलर बघायला तेल कंपनीचा माणूस आला. या खेपेला रेआलने त्याला अंगणातून परत पाठवलं नाही. त्या माणसाने धुराड्याला छोटा पंप लावून एका पांढऱ्या कागदातून धूर ओढला. कागदावर डांबरासारखा काळा ठिपका उठला. आतल्या फटी काजळीने बुजल्या होत्या, धूर वर जायच्या ऐवजी घरात वळला होता, आणि लोकर भरलेल्या जाळीतून हवा यायची ती येत नव्हती. त्याने फळी काढली, सगळं खरवडलं, झडप उघडली, पुन्हा कागद लावला. आता तो जवळपास कोराच राहिला. मग टिकली सरकवून रेआलला बघ म्हणाला. पांढरी ज्योत. पहिल्या दिवशी होती तितकी पांढरी. म्हणजे त्या पिकलेल्या डोळ्याने, त्या आंधळेपणाने, इतकी वर्षं त्या दोघांना जगवलं होतं, आणि लख्ख दिसू लागल्यावर त्याने पहिलं काम केलं ते हे. आधी कोण बघायचं याला, त्या माणसाने विचारलं, छान लावलेला असणार. रेआल म्हणाला, माझा बाप.

क्लोदेत दवाखान्यातून लीझकडे गेली. थोडे दिवस, असं सगळेच म्हणाले. रेआल एक दिवसाआड पूल ओलांडून तिकडे जाई, जाताना काहीतरी नेई: तिचा चष्मा, जपमाळ, कुणीतरी पाठवलेली, मांसाचं सारण भरलेली पेस्ट्री. तिला आता बरंच बरं होतं. बोलताना मधेच एखादा शब्द सापडेनासा व्हायचा, आणि तो सापडेपर्यंत ती चिडायची नाही, थांबायची. डॉक्टर म्हणाले होते की हे कदाचित जाईल, कदाचित राहील. एका दुपारी तो बॉयलरबद्दल बोलला. जाळी उघडी केली, नवीन डबी बसवली, तीही दोन, एक वर एक खाली, दर वर्षी कंपनीचा माणूस येणार, तसा करारच केला. खिडक्यांवर आता काही लावणार नाही. ती ऐकत होती. लीझ बाहेरच्या खोलीत भांडी आवरत होती आणि आवाज न करता आवरत होती, म्हणजे तीही ऐकत होती. हिवाळा अजून आहे, तो म्हणाला, पण तू म्हणशील तेव्हा गाडी घेऊन येतो.

क्लोदेत बराच वेळ शब्द शोधत होती. त्याला वाटलं, तिला सापडत नाहीये. मग त्याच्या लक्षात आलं की सापडलाय, ती फक्त तो मऊ करून बघतेय.

“पुढच्या खेपेला माझे कपडे आण,” ती म्हणाली. “कपाटातले. उन्हाळ्याचेपण.”

“उन्हाळ्याला अवकाश आहे.”

“हो,” ती म्हणाली.

त्याच्या मनात खूप काही आलं. एक हिवाळा घरी काढायचं ठरलं होतं, असं आलं. हिवाळा अजून संपला नाही, असं आलं. तो म्हणाला, कुठले आणू. ती म्हणाली, सगळे. मग तिने त्याचा हात थोपटला, देवळात ‘शांती असो’ म्हणत शेजारच्या माणसाचा हात घेतात तसा, आणि सोडला.

घरी येऊन त्याने कपाट उघडलं. सुती झगे खांद्यांना खांदे लावून उभे होते, फुलाफुलांचे, एक आकाशी, ज्याला तो आजवर राखाडी समजत होता. त्याने तो नाकाशी धरला. काजळी. दुसरा धरला. काजळी. पिढ्यान्‌पिढ्या या घरात राहिलेल्या कुटुंबातल्या माणसाला येऊ नये तसा तो वास आज त्याला येत होता, आणि हे असे नेऊन तिच्या हातात देणं शक्य नव्हतं. त्याने सगळे टबात घातले, साबणाने हातांनीच चोळले, पाणी राखाडी झालं, बदललं, पुन्हा चोळले. रेडिएटरवर टाकले तर याच घरात वाळणार, वास पुन्हा बसणार, म्हणून बादली घेऊन तो अंगणात गेला आणि गुडघाभर बर्फात उभा राहून त्याने दोरीवर एकेक झगा लावला. बोटं वळेनाशी झाली. आत येऊन तो खिडकीतून बघत बसला. थोड्याच वेळात ते हलायचे थांबले. ऊन होतं, लखलखीत, आणि त्यात ते फळ्यांसारखे ताठ झाले होते, बाह्या जशा वाऱ्याने उचलल्या होत्या तशाच.

संध्याकाळ व्हायच्या आत ते त्याने काढले. वाकत नव्हते. वाकवले तर कापड तुटेल असं वाटलं, म्हणून त्याने लहान मुलाला झोपेत उचलतात तसे एकेक दोन्ही हातांवर घेतले आणि गाडीच्या मागच्या सीटवर टेकवून उभे केले, शेजारी शेजारी. वास गेला होता. नुसता बर्फाचा वास होता. हीटर सुरू करावा की नाही याचा त्याने विचार केला, आणि मग पूर्ण, शेवटपर्यंत फिरवला. पुलावर गाड्या खोळंबल्या होत्या. आरशात त्याला ते दिसत होते, ताठ, फुलाफुलांचे, रस्त्याकडे तोंड करून. मग आकाशी झग्याचा खांदा हळूच खचला. नंतर शेजारचा. एकामागून एक ते मऊ पडत गेले, एकमेकांवर कलंडले, आणि पूल संपेपर्यंत मागच्या सीटवर नुसता ओल्या कपड्यांचा ढीग उरला होता.